पोळी मात्र बरी होती

खुनाची आणि दरोड्याची प्रकरणे मी नोकरीत भरपूर हाताळली. त्यांतली बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला बसलो की बायको म्हणते, चहा घ्या आणि सोडून द्या. एका पोळीवरून झालेले ते प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात ना मुडदा होता, ना मुद्देमाल. नावे मी कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बहुतेक माणसे हयात आहेत आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे.

नोकरीची शेवटची काही वर्षे उरली होती. पांढुर्णा तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, आमचे सगळे कागद छिंदवाड्याला जात. सौंसर तहसिलीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी गणना म्हणजे हजेरी, मग रोजनामचा, मग तक्रारी. तक्रारी ठरलेल्या असत. बगिच्यातला संत्रा उतरवून नेला, विहिरीवरची मोटार गेली, बांधावरून भांडण झाले. अशा एका सकाळी पस्तिशीची एक बाई आली आणि मुन्शीच्या टेबलावर मोबाइल ठेवून म्हणाली, "साहेब, कोणीतरी माह्या धंद्याचा गळा दाबून राहिला."

तिला मी ओळखत होतो, तिच्या पोळीमुळे. रामाकोन्याच्या रस्त्याला ती आणि तिचा नवरा भोजनालय चालवत. आमच्याकडची लांब पोळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणीक सैल भिजवायची, पाण्याचा हात लावून आपटून आपटून तिला तार आणायची, मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद सोडायचा. हे लाटण्याचे काम नाही, हाताचे आहे. ज्या बाईला येते तिला येते, बाकीच्यांची कणीक जमिनीवर पडते.

रस्त्यावरचे सगळे तिला वहिनी म्हणत, मीही. तिची पोळी करतानाची एक चित्रफीत कोणा नागपूरच्या पोराने मोबाइलवर टाकली आणि ती लोकांनी भराभर पाहिली. मंगळवारी-शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून तिच्या दारात थांबू लागल्या. वहिनी हुशार. तिने मोबाइलवरच्या नकाशात भोजनालयाची नोंद केली, टेबलाटेबलावर तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला आणि जेवून उठणाऱ्याला सांगू लागली, "आवडलं असन तर दोन शब्द लिहा जी." लोक लिहीत. ती प्रत्येकाला उत्तर देई. कोणी मीठ जास्त म्हटले तर दुसऱ्या दिवशी मीठ पाहून घेई आणि तसे कळवीही. सरकारी खात्यांनी तिच्याकडून शिकावे अशी ती उत्तरे होती.

आणि मग एक-एक तारा देणारे अभिप्राय पडू लागले. वेगवेगळ्या नावांनी, पण सगळे विष एकाच बाटलीतले. मालकीण उर्मट आहे. रस्स्यात सोडा घालते. पाणी मचूळ. पाटोड्या शिळ्या. शेवटचा अभिप्राय तर असा होता की जेवून आमच्या लहान मुलीला दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचून नागपूरच्या एका मंडळाने ठरलेली पंगत रद्द केली, आणि अन्न तपासणीवाले येऊन नमुने घेऊन गेले.

"साहेब, पहिले कोणी नाराज झालं तर गावात चार लोकं बोलत, आपण जाऊन समजावून येत होतो," वहिनी म्हणाली. "आता माणूस घरून निघायच्या आधी तारे पाह्यते. दिसत नाही तो, त्याले काय समजावू?"

"कोणावर संशय?"

"समोरचा. दुसरं कोण?"

समोरचा म्हणजे रस्त्याच्या पलीकडचा ढाबेवाला. त्याच्याकडे खाटा होत्या, कूलर होता, गाड्या लावायला मोठी जागा होती. फक्त गिऱ्हाईक नव्हते.

कायद्याने माझे हात बांधलेले होते. नुसती बदनामी म्हणजे अदखलपात्र. मी अदम चेक फाडला. अदम चेक म्हणजे आमच्याकडची अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्याची एक प्रत तक्रारदाराला मिळते आणि बहुतेक वेळा तेवढेच मिळते. छिंदवाड्याच्या सायबर शाखेलाही कागद पाठवला. तिथला तरुण फोनवर म्हणाला, "सर, कंपनीला लिहितो, पण उत्तराची वाट पाहू नका."

त्या निमित्ताने मला एक शोध लागला. नकाशात आमच्या ठाण्यालाही तारे होते. कोणी लिहिले होते, बसायला जागा नाही. कोणी लिहिले होते, साहेब रागीट आहेत. शेजारच्या ठाण्याला आमच्यापेक्षा बरे तारे होते आणि तिथला प्रभारी माझ्याच तुकडीतला, परेडमध्ये कायम चुकीचा पाय टाकणारा. मला ते दिवसभर सलत राहिले, आणि आजही मी त्याचे तारे अधूनमधून पाहतो. तेव्हा या प्रकरणात मी फार उंचावरून बोलतो आहे असे कोणी समजू नये.

आठवडाही गेला नसेल, ठाण्यात फोन आला की रस्त्यावर मारामारी झाली आहे. मुलीच्या दवाखान्याचा तो अभिप्राय कोणीतरी वहिनीच्या नवऱ्याला वाचून दाखवला होता. माणूस एरवी गरीब, हिशेबाला बसणारा, आवाज न चढवणारा. तो झारा हातात घेऊनच रस्ता ओलांडून गेला आणि त्याने ढाबेवाल्याच्या कपाळावर मारला. आम्ही पोहोचलो तेव्हा ढाबेवाला खाटेवर टॉवेल दाबून बसला होता आणि मारणारा झारा हातात धरून शेजारीच उभा होता. पळून जाण्याचे त्याला सुचले नव्हते.

मेडिकल झाले, एक्स-रे झाला. भुवईवरचे हाड तडकलेले निघाले. कलम वाढले, जामीन ठाण्यातून देण्यातला राहिला नाही. त्याला न्यायालयात उभे केले आणि तिथून तो जेलमध्ये गेला. भोजनालयाची चूल विझली. एकटीने पोळ्या करणे, वाढणे, गल्ला सांभाळणे जमणारे नव्हते, आणि ज्या घरचा माणूस जेलमध्ये त्या घरी जेवायला कोण थांबणार? वहिनी ठाण्याच्या बाकावर येऊन बसे. मुन्शी पाणी देई, ते पिई आणि निघून जाई.

माझ्यापुढे प्रश्न सरळ होता. अभिप्राय खरोखरच ढाबेवाल्याचे असले, तर त्याने आधी खोडी काढली असे न्यायालयापुढे तरी मांडता येणार होते. नसले, तर या माणसाने निरपराध माणसाचे कपाळ फोडले होते आणि त्याची सुटका अवघड होती. मी ढाबेवाल्याचा जबाब घ्यायला गेलो. डोक्याला पट्टी, समोर चहा.

"खरं सांगा. तिच्याबद्दल तुम्ही लिहून राहिले होते का?"

"नाही."

"तिचा धंदा पाहून तुम्हाला काही वाटत नव्हतं?"

तो माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "साहेब, जळतो ना मी. कोणाले नाही जळणार? माह्या दारात जागा, अन् गाड्या तिच्या दारात. सकाळी उठून पहिले तिकडेच पाह्यतो. बायकोले म्हणतो, सत्यानाश होवो हिचा. पण लिहिलं नाही म्या. जे म्हणायचं ते रस्त्यावर उभं राहून म्हणतो, तिले ऐकू जाईन असं."

मी तीस-पस्तीस वर्षे खोटे ऐकले आहे. हे खोटे नव्हते. आणखी एक गोष्ट मला खटकत होती. नवरा जेलमध्ये गेल्यापासून वाईट अभिप्राय एकदम थांबले होते. कपाळ फुटलेल्या माणसाने तर आता जास्त लिहायला हवे होते. ज्याला नवऱ्याच्या अटकेने घाबरायला झाले असा कोणीतरी लिहिणारा होता, आणि ढाबेवाला घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.

खबर मिळाली ती जवळच्या पानठेल्यावर. पानठेलावाला बाहेरगावचा, नवीनच येऊन बसलेला, पण त्याची नजर चांगली होती. वेळ जावा म्हणून बोलता बोलता म्हणाला, "साहेब, एक बाई येऊन गेली होती मागे. तोंडाले दुपट्टा बांधलेला. बसमधून उतरली, इथं माह्या ठेल्याच्या सावलीत उभी राहिली अन् समोर पाह्यत राहिली. म्या म्हटलं, जेवायचं असन तर जा, गर्दी कमी आहे. तर नाही म्हणे."

"मग?"

"मग काय, वहिनी पोळी करून राहिल्या होत्या अन् हे इकडे हात हलवून राहिली." त्याने दोन्ही मनगटे हवेत फिरवून दाखवली, झोका दिल्यासारखी. "वहिनीचा हात जसा फिरे ना, तसाच हिचा. तिले मालूमही नव्हतं. मग सौंसरकडे जाणाऱ्या बसमधी बसली."

मी ठाण्यात आलो, सगळ्या अभिप्रायांचे छापील कागद टेबलावर पसरले आणि पुन्हा वाचायला बसलो. आधी मी ते गुन्ह्यासारखे वाचले होते, कोण, कधी, कोणत्या नावाने. आता त्यांत काय नाही ते शोधू लागलो. मालकिणीला शिव्या होत्या. रस्सा, पाटोड्या, भात, ठेचा, पाणी, फडकी, कशालाच सोडले नव्हते. पण ज्या पोळीसाठी लोक तिथे येत, तिच्याविरुद्ध एक अक्षर नव्हते. माणसाला खरोखर नुकसान करायचे असेल तर तो आधी पोळीवर घाव घालेल. आणि एका अभिप्रायात, सगळी गरळ ओकून झाल्यावर, शेवटी लिहिले होते, "पोळी मात्र बरी होती."

वहिनी त्या दिवशीही बाकावर होती. मी तिला आत बोलावले.

"वहिनी, ही पोळी तुम्ही शिकल्या कोणाकडून?"

"सासूबाईकडून. लग्न झालं तवा मले साधी पोळीही धड येत नव्हती."

"त्या कुठे असतात?"

"वारल्या. दोन साल झाले."

"अजून कोणाला शिकवली त्यांनी?"

"ताईले. माह्या ननंदबाई. पांढुर्ण्याले दिल्या त्या." तिने मान खाली घातली. "त्यांचा हात माह्यापेक्षा चांगला, असं सासूबाई म्हणत."

वहिनीला मी काहीच सांगितले नाही. तिला संशय आलाही नव्हता. घरच्या माणसावर संशय घ्यायला माणूस सगळ्यात उशीर लावतो, आणि आम्ही पोलीस लोक तेच सगळ्यात आधी करतो, म्हणून आमचे नातेवाईक आमच्याकडे कमी येतात.

बाईची चौकशी तिच्या घरीच करायची असते. एका महिला आरक्षकाला, म्हणजे शिपाई बाईला, सोबत घेतले, दोघेही साध्या वेशात दुपारचे पांढुर्ण्याला गेलो. माझे स्वतःचे घर तिथलेच, त्यामुळे गल्ली शोधावी लागली नाही. ननंदबाईचे सासर खाऊन-पिऊन सुखी, संत्र्याचा बगिचा, नवरा सरकारी नोकरीत. घरात फरशी, कुंड्या, दारावर पितळी पाटी. भावाच्या प्रकरणात ठाण्यातून कोणी आले म्हणून तिने घाईने आत घेतले.

"जामीन कधी होईन जी भाऊचा?"

"बघू. ढाबेवाला अडून बसला आहे. त्याचं म्हणणं, मी काही केलं नसताना मला मारलं."

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. मी विषय बदलला. म्हणालो, तुमच्या वहिनीने मोठेच नाव काढले होते.

"हो ना. चांगलं आहे," ती लगेच म्हणाली. "आम्हाले काय, आनंदच आहे."

हे वाक्य मी जिथे जिथे ऐकले आहे तिथे तिथे आनंद सोडून सगळे काही निघाले आहे. चहा आला. मी एक घोट घेतला आणि सहज बोलल्यासारखे म्हणालो, "खरं सांगू का ताई, लोक उगीच वेडे झाले. मारामारीच्या आदल्या आठवड्यात मी जेवलो तिथे. पोळी जाड, मध्ये कच्ची. मडक्याचा वास मारत होता. तुमच्या आईचीही अशीच असेल म्हणा, तिनेच शिकवली ना."

मी खोटे बोललो. पोळी इतकी पातळ होती की तिच्यातून चुलीचा जाळ दिसला असता. पण चौकशीत प्रश्न विचारून जे निघत नाही ते कधी कधी चुकीचे विधान करून निघते. समोरचा माणूस चूक दुरुस्त करायला धावतो.

तिने कप खाली ठेवला.

"कच्ची?" ती म्हणाली. "साहेब, तुम्ही मोठे अधिकारी असान, पण हे बोलू नका. माह्या मायची पोळी कच्ची नाही राहू शकत. माय कणकीले अशी तार आणे की पूर्ण हात भरे. अन् वहिनीले दुसरं काही येवो न येवो, रस्सा नाही येत तिले, बोलता नाही येत, पण पोळी येते. म्या सोता पाह्यली. बरी करते ती."

"कधी पाहिली?"

तिने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

मी खिशातून कागद काढला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. पोळी मात्र बरी होती. महिला आरक्षकाने उठून दार लोटून घेतले. बाई रडली नाही. जे बोलली ते असे बोलली, जणू कोणी विचारण्याचीच वाट पाहत होती.

"लग्नाच्या आधी गावात कोणाकडे पंगत असली की मायसंगे मी जात होती. माय म्हणे, माह्या पोरीसारखा हात तहसिलीत नाही. इथं आली तर सासरे म्हणाले, आपल्या घरच्या बाया मडक्यापुढे बसून पोळ्या नाही करत. बसली नाही. मग ते वहिनीचं आलं मोबाइलवर. अन् माहित आहे काय, साहेब? ज्या घरात मले मनाई, त्याच घरात हे पाहुण्याले दाखवतात, पाहा, माह्या साळ्याच्या बायकोनं काय नाव काढलं. सासरेही दाखवतात. मी चहा घेऊन उभी राह्यतो अन् त्यायले कोणाले आठवत नाही का हे मलेही येते."

"म्हणून गेला होतात?"

"म्हटलं, पाह्यतो, कशी करते. वाटलं, वाईट करत असन. वाईट करत असती तर मी काहीच लिहिलं नसतं, साहेब. देवाची शपथ. चांगली करत होती. मायचाच हात. मायनं तो हात तिले देऊन टाकला अन् माह्याजवळ काही राह्यलं नाही, असं वाटलं."

पहिला तारा दिला तेव्हा तिला हलके वाटले. मग सवय लागली. स्वयंपाक झाला की मोबाइल घेऊन बसायचे, वहिनीची सरासरी किती घसरली ते पाहायचे, नवीन नावाने खाते उघडायचे. वहिनीने नम्रपणे दिलेली उत्तरे वाचून ती आणखी पेटे. लहान मुलीचा खोटा दवाखाना लिहिला त्या दिवशी तिला स्वतःचीच भीती वाटली होती, पण ते पुसायच्या आत भावाने झारा उचलला.

"भाऊ जेलमधी गेला तवा मले समजलं, मी वहिनीचं नाही, भाऊचं घर मोडून राहिली," ती म्हणाली. "त्याले सांगू नका. नाही तर सांगा. मले काही समजत नाही."

पुढे काय करायचे ते मी तिच्यावर सोपवले. खोट्या नावांनी केलेला हा उद्योग तिच्यावर शेकवता आला असता. पण त्याने भाऊ सुटत नव्हता, उलट एका घरातली दोन माणसे आत गेली असती. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. त्याला सगळे सांगूनच आली होती, कारण तो तिच्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होता. तिघे आम्ही ढाबेवाल्याकडे गेलो. ती खाटेपुढे उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, ते म्या लिहिलं होतं. भावानं तुमच्यावर आळ घेतला तो माह्यामुळे. माफी द्या."

ढाबेवाल्याने कपाळावरच्या पट्टीवर हात ठेवला.

"म्हणजे जळत मी होतो अन् लिहून तुम्ही राहिल्या होत्या," तो म्हणाला. "मार मात्र मले पडला."

त्याला हसू आले, मग कपाळ दुखले म्हणून थांबवावे लागले. जामिनाला विरोध करणार नाही, असे त्याने लिहून दिले. औषधपाण्याचा खर्च ननंदबाईच्या नवऱ्याने उचलला. वहिनीचा नवरा सुटला. पुढे न्यायालयात दोन्ही बाजूंनी राजीनामा, म्हणजे आपसातला समझोताही झाला.

भोजनालय उघडले त्या सकाळी मी ननंदबाईला तिथे बोलावून घेतले. सगळे अभिप्राय वहिनीच्या समोर बसून पुसायचे, हे मी ठरवले होते. वहिनीला तोपर्यंत कळले होते. ती चुलीशी उभी होती. ननंद आत आली तशी ती माझ्याकडे वळली.

"साहेब, हिले आत टाका. माहा माणूस जेलमधी राह्यला तेवढे दिवस हिलेही ठेवा."

"टाका," ननंद म्हणाली. "मी नाही म्हणत नाही."

वहिनीचा नवरा दाराशी जाऊन उभा राहिला. मग वहिनीच बोलू लागली, आणि तिचा आवाज चढत गेला.

"ताई, तुम्ही माह्यावर जळल्या. माहित आहे का, मी तुमच्यावर किती वर्षं जळली? हात भाजून पोळी केली, नेऊन सासूबाईच्या ताटात वाढली, तर त्या म्हणत, जमली, पण माह्या पोरीसारखी नाही. दरवेळेस. मरायच्या आधी खाटेवर होत्या, अर्धा घास गेला नाही, तवाही तेच. माह्या पोरीसारखी नाही. म्या हे दुकान टाकलं ते कोणासाठी टाकलं? सगळ्या जगानं चांगली म्हटली. एका माणसानं म्हणायची राहिली होती, ते गेलं."

ननंद तोंडावर पदर घेऊन बसली. आता ती रडत होती. मग तिने मोबाइल काढला आणि एकेका खात्यात जाऊन अभिप्राय पुसू लागली. वहिनी खांद्यावरून पाहत होती. शेवटचा एक उरला. ननंदने वर पाहिले.

"हेही? याच्यात पोळी बरी आहे म्हटलं म्या."

वहिनीने तो वाचला. परत वाचला.

"तारा एकच आहे," ती म्हणाली. "पुसा."

दोघींचे त्यानंतर गोडीगुलाबीने जमले असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. सणावाराला येणे-जाणे राहिले, बोलणे कामापुरते. सायबर शाखेच्या पत्राला कंपनीचे उत्तर माझ्या निवृत्तीनंतर आले म्हणतात. ते काय होते हे विचारायला मी गेलो नाही.

मला या प्रकरणाने एक सवय लावली. तक्रारदाराला आम्ही नेहमी विचारतो, तुमचे कोणाशी वैर आहे का? त्यानंतरच्या प्रत्येक प्रकरणात मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. तुमची वाहवा होते तेव्हा घरात गप्प कोण बसते? वैऱ्याचे नाव लोक चटकन सांगतात. या प्रश्नाला मात्र थांबतात, आणि थांबले की मी समजतो. हेवा सगळ्यांना वाटतो. ढाबेवाल्याला वाटत होता, त्याने तो रस्त्यावर उभा राहून ओरडून सांगितला आणि विषय तिथेच संपला. ज्याला आपल्या नावाने जळता येत नाही तो दुसऱ्याची नावे घेतो, मग प्रकरण ठाण्यात येते.

गेल्या वर्षी पांढुर्ण्यात आमच्या घरापासून जवळच एक नवी पाटी लागली. लांब पोळी, ऑर्डरप्रमाणे. सासरे राहिले नव्हते, नवऱ्याने स्वतः पाटी लावून दिली होती. ननंदबाईंनी मडके मांडले होते. मी पोळ्या आणल्या, खाल्ल्या आणि जुन्या खोडीप्रमाणे मोबाइलवर अभिप्राय पाहू लागलो. थोडेच होते. त्यांत एक वहिनीचा होता. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट. "पोळी चांगली. रस्सा आमच्याकडचा जास्त चांगला." तारे चार.

पुढच्या खेपेला सौंसरकडे गेलो तेव्हा मुद्दाम रामाकोन्यापर्यंत गेलो. वहिनी मडक्यापुढे होती. मी विचारले, "वहिनी, पाचवा तारा का राखून ठेवला?"

तिने पोळी मडक्यावर सोडली आणि आधी कडा नीट केल्या.

"चांगली करते ती, साहेब. माह्यापेक्षा चांगली करते," ती म्हणाली. "पण पाच देऊन पाह्यले, बोट दाबलं नाही गेलं. चार दिले अन् खाली माहं नाव लिहिलं. तिले समजते."